डक्ट जुने आहेत, म्हणून काय?

न्यू जर्सीत किंवा टोरोंटोच्या आसपास जुनं घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या थंडीच्या आत एक सल्ला हमखास मिळतो : ‘‘डक्ट साफ करून घ्या हो, चाळीस वर्षांची धूळ असेल आत.’’ पाठोपाठ टपालातून पत्रकही येतं, अख्ख्या घराचे डक्ट फक्त ९९ डॉलरमध्ये! दिवाळीच्या आधी माळे उपसणारी माणसं आपण. सफाईला नको म्हणायला जीभ रेटत नाही. तरीही माझं म्हणणं असं आहे की, डक्ट केवळ जुने आहेत म्हणून साफ करून घेऊ नयेत.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. घरातली हवा पुन:पुन्हा फर्नेसमध्ये तापून या पत्र्याच्या डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळ्यांमधून, फिरते. आत वर्षानुवर्षांची धूळ साचलेली आहे. ती हवेबरोबर खोल्यांत येते. त्यातून शिंका, खोकला, मुलांचा दमा बळावतो. तेव्हा डक्ट साफ केले की तब्येत सुधारेल आणि गॅसचं बिलही उतरेल. ऐकायला बिनतोड वाटतं. खोट आहे ती ‘हवेबरोबर खोल्यांत येते’ या पायरीवर. पत्र्यावर बसलेली धूळ बहुतांशी तिथेच चिकटून राहते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९९७ मध्ये याच प्रश्नावर घरमालकांसाठी एक पुस्तिका काढली. डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं कधीही सिद्ध झालेलं नाही, आणि डक्ट मळलेले असल्याने घरातली धूळ वाढते असंही अभ्यासांतून ठामपणे दिसत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कॅनडाच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेने घराघरांत मोजमापं घेतली. तिचा निष्कर्षही असाच आहे : सफाईनंतर हवेचा दर्जा सहसा बदलत नाही आणि इंधनाचा खर्चही कमी होत नाही.

‘‘पण ऑक्टोबरात हीटिंग पहिल्यांदा लावलं की करपल्यासारखा वास येतो, तो कसला?’’ तो बहुतेक वेळा फर्नेसच्या तापणाऱ्या भागांवर उन्हाळाभर बसलेल्या धुळीचा असतो. थोड्या वेळात जातो. न गेला, तर डक्टवाल्याला नव्हे, फर्नेसच्या तंत्रज्ञाला बोलवायचं.

वाद घालण्यापेक्षा आत डोकावावं. रिटर्नच्या, म्हणजे खोलीतली हवा परत ओढून घेणाऱ्या, जाळीचे स्क्रू काढून टॉर्च लावलेला फोन आत सरकवा. जाळीच्या पात्यांवर राखाडी लोकरीसारखा थर दिसेल. तो दिसायचाच, कारण घरभरची धूळ तिथूनच ओढली जाते. तो व्हॅक्यूमने निघतो. त्याच्या पलीकडे तळाशी प्लास्टरची ढेकळं, सुताराचा भुसा, एखादी पेन्सिल किंवा खेळण्यातलं चाक सापडतं. पत्र्यावर धुळीचा पातळ थर असतो. यातलं काहीही घाबरण्यासारखं नाही.

घाबरावं कधी? उंदरांच्या लेंड्या, घरट्याचा कचरा किंवा किड्यांचा वावर दिसला, तर. सप्लायच्या, म्हणजे खोलीत हवा सोडणाऱ्या, तोंडातून धूळ खरोखरच उडून बाहेर येत असेल, किंवा नूतनीकरणाच्या राड्यारोड्याने वाट तुंबली असेल, तर. आणि आत बुरशी पसरलेली असेल, तर. अशा वेळी सफाई करावीच, आणि पुरती करावी : फर्नेस, पंखा, कॉइल, सगळं. अर्धवट सफाईने सुटी झालेली धूळ उलट घरात येते. ‘हा सगळाच फसवणुकीचा धंदा’ म्हणणारे इथे चुकतात. मात्र काळा डाग म्हणजे बुरशीच असं नाही. ते जाणकारच ठरवू शकतो, प्रसंगी प्रयोगशाळेच्या तपासणीने. शिवाय ओल कुठून येते ते शोधलं नाही, तर बुरशी परत येणारच. डक्टला आतून फायबरग्लासचं अस्तर असेल आणि ते भिजून बुरसटलं असेल, तर ते साफ होत नाही, काढून बदलावंच लागतं.

आता त्या ९९ डॉलरकडे वळू. ईपीएच्याच पुस्तिकेत एका यंत्रणेच्या रीतसर सफाईचा खर्च साधारण ४५० ते १००० डॉलर दिला आहे. मग ९९ मध्ये काय होतं? माणूस घरात येतो, मोबाइलवर एक काळपट फोटो दाखवतो, ‘टॉक्सिक मोल्ड’ म्हणतो आणि जंतुनाशक फवाऱ्याचे वेगळे पैसे सांगतो. फायबरग्लासचं अस्तर असलेल्या डक्टसाठी असं एकही जंतुनाशक ईपीएकडे नोंदलेलं नाही, हे तो सांगत नाही. खरोखर जुन्या घरात तर धोका आणखी मोठा. डक्टच्या सांध्यांवर पांढरी, कागदासारखी पट्टी असेल, तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. तिला हात न लावता आधी तपासून घ्यावं. ब्रश फिरवणाऱ्याच्या हाती ते घर देऊ नये.

पैसे खर्चायचेच असतील तर जागा आहेत. सर्वसाधारण घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा फटींतून वाया जाते, असा अमेरिकी सरकारच्या ‘एनर्जी स्टार’ या ऊर्जाबचत कार्यक्रमाचा अंदाज आहे. बिल उतरवायचं असेल तर बेसमेंटमधले उघडे सांधे मॅस्टिकने, म्हणजे डक्टच्या लुकणाने, बुजवा. गॅसच्या फर्नेसची दरवर्षी तपासणी करून घ्या, कारण तिथे प्रश्न कार्बन मोनॉक्साइडचा असतो. फिल्टर वेळेवर बदला, यंत्रणेला झेपेल तेवढा बारीक घ्या. आणि आपल्या स्वयंपाकघराचं काय? पुष्कळ घरांतला चुलीवरचा पंखा फोडणीचा धूर जाळीतून गाळून त्याच खोलीत परत सोडतो. मिरचीचा ठसका बेडरूमपर्यंत पोचतो आणि आपण दोष देतो डक्टला! त्या पंख्याची हवा नळीने घराबाहेर काढून घेण्यावर केलेला खर्च वाया जात नाही.

एक नळी मात्र न चुकता साफ करायची : कपड्यांच्या ड्रायरची. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० च्या आकडेवारीनुसार, घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या आणि सफाई न करणं हे त्यांचं सर्वांत मोठं कारण होतं. तिच्याबद्दल मात्र कुणी फुकट सल्ला देत नाही.

एवढं करूनही डक्टवाल्याला बोलवायचं ठरलंच, तर त्याचं पत्रक नीट वाचा. ईपीए कुठल्याही डक्ट-सफाई कंपनीला प्रमाणपत्र किंवा मान्यता देत नाही. पत्रकावर तसं छापलेलं असेल, तर ते खोटं आहे.