उचल आणि अनुदान

दिवाळीचा अंक वाचकांच्या हाती पडतो त्या सुमारास शहरांतून फराळाचे डबे भरले जात असतात आणि बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील वाड्या आणि तांडे रिकामे होत असतात. ज्या सणाला माणसाने घरी परतावे असा आपला संकेत, त्याच सणाच्या आगेमागे लक्षावधी ऊसतोड कामगार आपले बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवून सातारा, सांगली, कोल्हापूरच्या फडांकडे आणि काही सीमेपलीकडे कर्नाटकात निघतात. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. त्या कोयत्याच्या नावे मुकादमाने बहुधा पावसाळ्यातच उचल दिलेली असते, आणि ती फिटेपर्यंत त्या दोन देहांवर त्यांची स्वतःची सत्ता उरत नाही.

रोख मदतीविषयी आपल्याकडे जो वाद चालतो त्यात ही उचल कोणी विचारात घेत नाही. गरिबाच्या हाती रोकड दिली की तो आळसावतो, उधळपट्टी करतो, असा आक्षेप घेणारा सुशिक्षित मनुष्य असे गृहीत धरून चालतो की गरिबाच्या हाती रोकड पूर्वी कधी येतच नव्हती. वस्तुतः ती दरसाल येत होती. मात्र तिच्यापायी घरधनिणीची प्रकृती, लेकरांची शाळा आणि हिवाळ्यातील प्रत्येक पहाट गहाण पडत असे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून जो दंगा पसरला त्यात रयतेने सावकारांपाशी मागितली ती मुख्यतः कर्जखते आणि रोखे, आणि हाती येताच ती जाळून टाकली. पुढे १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी सरकारी तगाईची तजवीज झाली. पण तीही अखेर कर्जच, आणि मामलेदार कचेरीचे हेलपाटे नि सुगीच्या तोंडावरचा वसुलीचा तगादा तिला चिकटलेलाच होता. जिची फेड नाही अशी रोकड शेतमजुराच्या घरात नियमाने येऊ लागावी, ही घटना आपल्या ग्रामजीवनाच्या इतिहासात अगदी अलीकडची आहे.

महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून २१ ते ६५ वर्षे वयाच्या, अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील स्त्रियांसाठी दरमहा १५०० रुपयांची योजना सुरू झाली. त्यापूर्वी, २०११ आणि २०१२ साली, ‘सेवा’ या स्त्री-कामगारांच्या संघटनेने ‘युनिसेफ’च्या साहाय्याने मध्य प्रदेशातील आठ गावांत प्रत्येक प्रौढास दरमहा २०० आणि प्रत्येक लेकरास १०० रुपये देऊन पाहिले होते. वर्षभराने या रकमा ३०० आणि १५० झाल्या. अट कोणतीही नव्हती. माणसे आळसावली नाहीत. दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी सोडून पुष्कळांनी स्वतःच्या तुकड्यात अधिक श्रम घातले, आणि लहान मुलींची वजने सुधारली. तान्ह्या मुलीचे वजन वाढावे यासाठी पालकांचे प्रबोधन झाले पाहिजे असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो, आणि तिच्या आईला हवे होते ते दुधाचे पैसे.

गेल्या आश्विनात धारूर तालुक्यातील एका वस्तीवर मी दोन दिवस होतो. ज्या घरी उतरलो तेथील बाईने पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक काढून दाखवले. “औंदा पोराच्या तापाला मुकादमाकडं हात न्हाई पसरला, भाऊ. दुकानाची वही बी कोरी हाय,” असे ती म्हणाली. यंदा त्यांनी उचल निम्मीच घेतली होती. सायंकाळी मुकादम निघण्याची तारीख सांगण्यास आला तेव्हा दाराच्या चौकटीला टेकून, पदर सावरून, ती म्हणाली, “मुकादम, ताप आला तर खाडा धरायचा न्हाई, आन् पोरगी फडात येणार न्हाई. हे आधी बोला, मग तारीख सांगा.” मुकादमाने नवऱ्याकडे पाहिले. नवरा शेळीचे दावे वळीत होता. त्याने मान वर केली नाही. खाड्याची गोष्ट मुकादमाने मान्य केली नाही, मुलीची केली.

महिना १५०० म्हणजे वर्षाचे १८,००० रुपये. तेवढ्याने फड सुटत नाही, आणि तो सुटला असे कोणी सांगत असेल तर ती दिशाभूल होय. दवाखान्यात डॉक्टर नसेल, शाळेत मास्तर नसेल, तर ही रक्कम खाजगी डॉक्टरच्या फीमध्येच विरून जाणार. परंतु मुकादमापुढे उभे राहून अट घालता येणे ही गोष्ट सामान्य नव्हे. त्या बाईच्या सासूला स्वतः सून असताना पंधरा वर्षांत ती एकदाही साधली नव्हती, असे सासूनेच मला सांगितले.

शासनाने या रकमेस बहिणीची ओवाळणी म्हणावे, यामागील भाव मला कळतो. तथापि ओवाळणी भावाच्या मर्जीची असते, आणि मर्जीच्या पैशावर उचल किती घ्यावी याचा हिशेब मांडता येत नाही. कधी दोन हप्ते एकदम येतात, कधी एक लांबतो, कधी पडताळणीच्या फेऱ्यात नावच अडकते; शेजारच्या एका बाईच्या खात्यात हप्ता जमा झाला त्याच दिवशी बँकेने तो जुन्या कर्जापोटी वळता करून घेतला. हप्त्याची तारीख कायद्याने बांधलेली असावी आणि या रकमेवर कोणाचाही वसुलीचा हक्क चालू नये, एवढे तरी आपण सर्वांनी शासनाकडे आग्रहाने मागितले पाहिजे.

मुकादम येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर निघाला. आजी आणि नात बांधापर्यंत जाऊन परत आल्या. मुलगी पाचवीत आहे. चूल पेटल्यावर तिने आजीचे श्रावणबाळ योजनेचे पासबुक आणि आईचे पासबुक शेजारी शेजारी ठेवले आणि दोहोंतील तारखा व आकडे बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. आजीने एक ओळ तिला पुन्हा वाचायला लावली.