अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी कान तपासा

दापोली तालुक्यातल्या मुरुड गावी खिडकी उघडी ठेवली की समुद्राची गाज घरात येते. त्यात डोक्यावर पंखा. लॅपटॉपला हेडफोन लावून ख्याल ऐकणाऱ्याला आलापीतले हळुवार स्वर या आवाजात बुडाल्यासारखे वाटतात. आवाज शंभर टक्क्यांवर नेऊनही भागले नाही, की बाहेरून जोडायचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घ्यावासा वाटतो. घ्यायला हरकत नाही. पण आवाज नेमका कुठे कमी पडतो, हे आधी शोधायला हवे. लॅपटॉपमध्ये, खोलीत की कानात?

सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा हेडफोन चालवायला अवघड समजला जातो. तरीही १ व्होल्ट मिळाला की तो ९७ डेसिबल आवाज देतो, आणि अनेक लॅपटॉप साधारण तेवढा व्होल्टेज देऊ शकतात. गाण्यातल्या चढउतारांमुळे सरासरी पातळी याहून बरीच खाली राहते, हे खरे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, ९० डेसिबलला फक्त ४ तास आणि १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटे सुरक्षित आहेत. साधे ३२ ओहमचे हेडफोन तर बहुधा लॅपटॉपवरच पुरेसे मोठे वाजतात.

अडचण खोलीतल्या आवाजाची असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर हा त्यावरचा चुकीचा उपाय आहे. तो गाण्याचा आवाज वाढवतो. गाज आणि पंखा तसेच राहतात. कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले हेडफोन कमी आवाजातही तेच काम करतात.

तिसरी शक्यता सर्वांत महत्त्वाची. पन्नाशीनंतर उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येऊ लागतात. तंबोऱ्याची झळाळी हरवते, बोलण्यातले ‘स’, ‘फ’ निसटतात, टीव्ही मोठा लावला म्हणून घरचे तक्रार करतात. कधी कारण कानातल्या मळाइतके साधे असते. पण अंतर्कर्णातल्या केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. अशा वेळी आवाज वाढवत राहणे म्हणजे उरलेल्या पेशींवर घाव घालणे. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान पाहून घ्यावा आणि श्रवणचाचणी करावी. ती वेदनारहित असते.

हे सारे पाहून झाल्यावर अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचाच, तर किती मोठा वाजतो यापेक्षा किती स्वच्छ वाजतो ते पाहावे. लॅपटॉपमधूनच खरखर येत असेल, तर यूएसबीवर चालणारा, आत डॅक असलेला अ‍ॅम्प्लिफायर खरोखर उपयोगी पडतो. लॅपटॉपच्या बॅटरीवर वीज गेल्यावरही तो चालतो. त्याचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागाहून कमी असावा, आणि आवाजाची वाढ कमी ठेवणारे ‘लो गेन’चे बटण असावे. चार्जर जोडल्यावरच गुणगुण होत असेल, तर आधी प्लगचे अर्थिंग तपासून घ्यावे. हेडफोन कानावर चढवण्यापूर्वी आवाजाची खुंटी शून्यावर आणण्याची सवय लावावी.

अ‍ॅम्प्लिफायर नापसंत पडला तर परत करता येतो, बदलता येतो. कानाच्या बाबतीत तशी सोय नाही.