एकवीस दिवसांचा खंड

एम.एस्सी.ला मी स्टोकॅस्टिक प्रोसेसेसचा पेपर दिला, तेव्हा पाठ्यपुस्तकातले लाडके उदाहरण होते जुगाऱ्याचे दिवाळे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते कुटणाऱ्या खान्देशला ते शिकवायला मार्कोव्ह कशाला हवा? आता पारोळ्यात कोरडवाहू कापूस लावतो, संध्याकाळी बारावीच्या शिकवण्या घेतो, आणि वाटते की हा पेपर इथल्या पावसावरच शिकवावा.

२०२३ चा खरीप आठवा. ऑगस्टभर जो तो दिवस मोजत होता. पावसाचा खंड २१ दिवसांच्या वर गेला आणि उत्पन्न निम्म्याखाली येणार असे दिसले, तर पीकविम्याच्या संभाव्य भरपाईची २५ टक्क्यांपर्यंतची रक्कम तेव्हा आगाऊ मिळणार होती. समजा, कोरड्या दिवसानंतरचा दिवसही कोरडाच जाण्याची शक्यता ०.८ आहे. मग आज कोरडा गेला असताना पुढचे वीसही कोरडे जाण्याची शक्यता ०.८ चा विसावा घात, म्हणजे जेमतेम एक टक्का. ०.८ च्या जागी ०.९ घाला, तीच बारा टक्क्यांवर जाते. विम्यातली जोखीम अशाच फरकावर हलते, आणि तो फरक काढणारी माणसे कंपन्यांकडे पगारावर असतात. आमची पोरे तेच गणित पास होऊन स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतात.

पावसावर ही मार्कोव्ह साखळी लावणे काही नवे नाही. तेल अवीवच्या रोजच्या पावसावर गॅब्रिएल आणि न्यूमन यांनी ती १९६२ मध्येच लावली होती. पण ही साधी साखळी फक्त काल लक्षात ठेवते. पंधरा दिवस उघडीप राहिल्यावर उद्याची शक्यता तीच राहते का? हवामान खाते अडीच मिलिमीटरला पावसाचा दिवस म्हणते. भेगा पडलेल्या काळ्या रानात तेवढ्याने बोंड धरते का? आणि महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर सर आली, पण बोरी नदीपलीकडचे शिवार कोरडेच राहिले, तर खंड कोणाचा मोडला?

यातला एकेक प्रश्न एकेका प्रकल्पाला पुरेल. जळगावच्या आपल्या विद्यापीठाने विद्यार्थ्यांना एकेक महसूल मंडळ वाटून द्यावे, जुन्या पावसाळ्यांच्या रोजच्या नोंदी हातात द्याव्यात, आणि तोंडी परीक्षेला त्याच मंडळातला एखादा कापूसवाला बसवावा. ‘पानी कव्हय पडी?’ याला उत्तर नाही, हे त्याला ठाऊक असते. धूळपेरणी करू की आठ दिवस थांबू, दुबार पेरणीची पाळी किती वर्षांत एकदा येईल, एवढे मात्र तो विचारणारच.