‘सापडले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे!

संगणक हा विज्ञान शाखेचा विषय, कलाशाखेच्या विद्यार्थ्याला त्याचे काय, असा समज आपल्याकडे अजूनही मूळ धरून आहे. मला तो मान्य नाही. निदान एका बाबतीत तरी संगणकालाच आपली गरज आहे. ती बाब म्हणजे मजकुरातून शब्द शोधणे.

पायथन या संगणकभाषेत या कामासाठी ‘फाइंड’ नावाची आज्ञा आहे. शब्द सापडला तर त्याचे स्थान आकड्याने कळते, मोजणी शून्यापासून. न सापडल्यास उत्तर येते उणे १. काम चोख, पण ही आज्ञा शब्द जाणत नाही, ती फक्त चिन्हाशी चिन्ह ताडून पाहते. ‘स्मरण’ या शब्दात ‘मरण’ शोधा. उत्तर येते २! ‘स’ हे चिन्ह शून्यावर, त्याचा पाय मोडणारी खूण एकावर आणि दोनपासून म-र-ण आहेच. स्मरणात मरण पाहणे कवीला शोभेल, कोशकाराला नव्हे.

उलट ‘पावसात भिजलेली माणसे’ या ओळीत ‘पाऊस’ शोधा, ‘माणूस’ शोधा. दोन्ही वेळा उणे १. शाळेत कंटाळत शिकलेले सामान्यरूप इथे असे आडवे येते! १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘कांहीं’ छापलेले असते आणि आपण ‘काही’ शोधत बसतो. ‘दऱ्या’मधला अर्धा र तर युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र निराळे.

कोणी म्हणेल, आजची शोधयंत्रे शब्दांची रूपेही ओळखतात. खरे आहे. पण ती ओळख कुणीतरी दिलेल्या नियमांवर किंवा मजकुरावरच उभी असते. मराठीपुरते ते देणार कोण?

प्रश्न केवळ सोयीचा नाही. उणे १ याचा अर्थ ‘चिन्हांची ही रांग इथे नाही’ एवढाच. आपण मात्र ‘लेखकाने हा शब्द वापरलाच नाही’ असे समजून प्रबंधात निष्कर्ष ठोकून देतो. जुना ग्रंथ वाळवीने खाल्ला तर आपण हळहळतो. तोच ग्रंथ संगणकात सुखरूप असून शोधणाऱ्याला दिसेनासा झाला, तर त्याची दादही लागत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की यंत्राला नकार विचारण्याआधी शब्दाची सर्व रूपे आणि जुनी-नवी लेखने मांडून घ्यावीत. अशा रूपांच्या याद्या करणे हे मराठी विभागाचे काम आहे आणि पदवीच्या वर्गालाही ते जमण्यासारखे आहे. ‘पाऊस’ आणि ‘पावसात’ हे एकच, हे यंत्राला ठाऊक नाही, आपल्याला आहे. व्याकरण कशासाठी शिकायचे, या जुन्या प्रश्नाचे याहून रोकडे उत्तर दुसरे कोणते असणार?