दुसऱ्या लढाईची शस्त्रे

साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या तलवारी पाहताना मुलांचे डोळे विस्फारतात. ते योग्यच आहे. परंतु माणूस आणखी एका शत्रूशी युगानुयुगे झुंजत आला आहे. तो शत्रू म्हणजे रोग. त्या लढाईची शस्त्रेही जपावयास हवीत.

अशा संग्रहास सांगली जिल्ह्यातील मिरज हे अत्यंत योग्य स्थान होय. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उघडले. मोतीबिंदूने दृष्टी गमावलेली माणसे तेथे येत आणि डोळस होऊन घरी परतत. पुढे आज वॉनलेसवाडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. त्या काळी क्षयावर गुणकारी औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार हाच उपचार असे. स्ट्रेप्टोमायसिन सापडले ते १९४३ साली. हाती औषध नसताना रोग्याच्या उशाशी बसून राहणाऱ्या परिचारिकेचे धैर्य रणांगणावरील धैर्याहून कमी का मानावे?

'गंजलेल्या हत्यारांनी जागा कशाला अडवावी?' असे कोणी विचारील. पॅरिसच्या लेनेक या डॉक्टरांनी १८१६ साली कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले. त्या सुरळीची पुढे लाकडी नळी झाली आणि तिच्यातूनच आजचा स्टेथोस्कोप घडला. या वस्तू ओळीने मांडलेल्या पाहिल्या, की ज्ञान एका रात्रीत आभाळातून पडत नाही, हे मुलांना निराळे शिकवावे लागणार नाही.

मात्र तेथे केवळ विजयच मांडू नयेत. हत्यारे निर्जंतुक करण्याचे महत्त्व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक शल्यवैद्यांस उमगले नव्हते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर जखमा चिघळून असंख्य रोगी दगावले. लाकडी मुठीची, उकळत्या पाण्यात टाकता न येणारी जुनी करवत ती चूक न बोलता सांगते. चूक उघडपणे मान्य करणारे शास्त्रच पुढे जाते.

एके काळी घरोघरी मुले हिरावून नेणारी देवीची साथ आज कोणास ठाऊक आहे? लसीच्या बळावर तो रोग हटला. १९८० साली जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. परंतु हरविलेल्या शत्रूची आठवण पुसली गेली, तर ढालीची किंमतही विसरली जाते. म्हणून तलवारीशेजारी लस टोचण्याच्या सुईलाही मानाची जागा मिळाली पाहिजे.