ब्रेकच्या नळीची मुरड

गेल्या वर्षी नवरात्र सरता सरता आमच्या गाडीने आम्हांला एक धडा दिला. गाडी म्हणजे वडिलांच्या हातची जुनी पद्मिनी. चौकात दिवा लाल झाला म्हणून पाय दाबला, तर पेडल चिखलात पाय रुतावा तसे थेट तळाला गेले. हाताचा ब्रेक ओढला म्हणून निभावले. पुढच्या टेम्पोपासून आम्ही वीतभर अंतरावर थांबलो. मागे आई आणि आमची धाकटी बसल्या होत्या. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "भाऊबीजेला ताईकडे घाट उतरून याच गाडीने जायचंय ना रे?"

मिस्त्री गाडीखाली शिरले आणि लगेच बाहेर आले. "साहेब, मागची नळी सडलीय. क्लिपेखाली चिखल साचतो, तिथे गंज धरतो. वरून चांगली दिसते, आतून पापड!" आमच्या गाडीच्या मास्टर सिलिंडरला घर एकच. त्यामुळे एका नळीला भोक पडले की चारही चाकांचे ब्रेक गेले.

बाजारात मिळालेली तयार नळी आखूड निघाली. तेव्हा आम्ही ती घरीच करायचे ठरवले. मिस्त्रींनी एकच अट घातली: "करा, पण घाट उतरण्याआधी मला दाखवा." वाचकांपैकी ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे आणि हाताला कामाची आवड आहे, त्यांच्यासाठी या दिवाळीत तोच अनुभव सांगतो.

प्रथम या नळीवर किती भार येतो ते पाहा. समजा, पायाचा जोर ५० किलो. पेडलच्या तरफेने तो पाचपट, म्हणजे २५० किलो झाला. पाऊण इंची सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्र सुमारे २.८५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ८८ किलोंचा दाब! नळीची बाहेरची जाडी अवघी ३/१६ इंच, म्हणजे ४.७५ मिलिमीटर, आणि तिची भिंत साधारण ०.७ मिलिमीटर. बागेच्या पाइपाला चालते ती हयगय इथे चालणार नाही.

आता माल. कारखान्यातून येते ती बहुधा पोलादी नळी. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी दोनदा गुंडाळून, झाळून ती केलेली असते. ती मजबूत असते, पण गंजते, आणि घरच्या हत्याराने तिचे तोंड नीट वळवणे कष्टाचे असते. शुद्ध तांबे हाताला मऊ लागते आणि गंजाची भीतीही नसते. परंतु हातोडीखाली तांब्याचे भांडे कसे ताठ होत जाते, हे पुण्याच्या तांबट आळीतला कोणीही कारागीर सांगेल. गाडीच्या सततच्या हादऱ्यांनी नळीही तशीच कडक होते आणि पुढे चिरते. फ्रिजच्या दुकानातली तांब्याची नळी तर जाडीला तशीच दिसली तरी घेऊच नये. ती या कामासाठी केलेली नसते.

आम्ही निवडली तांबे-निकेलची नळी. तीत सुमारे १० टक्के निकेल आणि थोडे लोखंड असते, बाकी तांबे. ती गंजत नाही, वळायला सोपी असते आणि हादरेही सोसते. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९७६ पासून आपल्या गाड्यांत ही नळी वापरली. किंमत जास्त पडते. पण वाचवायचे पैसे इथे वाचवू नयेत.

हत्यारे पाच. पहिले, लहान चाकाचा नळी-कटर. करवतीने तोंड तिरपे होते आणि आत कीस जातो. दुसरे, आतली-बाहेरची धार काढण्याचे साधन. तिसरे, वळण देण्याचे यंत्र. नुसत्या हाताने वाकवली तर नळी चेपते. व्यासाच्या तिपटीहून लहान वळण घेऊ नये. चौथे, नट सोडवण्याचा खाचेचा रिंग पाना, कारण साधा पाना जुन्या नटाचे कोपरे खातो. आणि पाचवे, सर्वांत महत्त्वाचे, तोंड वळवण्याचे फ्लेअरिंगचे हत्यार.

इथे गृहिणींना ओळखीची गोष्ट येते. करंजीची कड नुसती दाबली तर तळणात सुटते, मुरड घातली तर टिकते. नळीचेही तसेच. पहिल्या दाबाने तिचे तोंड फुगवायचे, दुसऱ्या दाबाने ती कड आत मुडपायची. अशी दुहेरी मुरड फुटत नाही. काही गाड्यांत मात्र फुगीर, बुडबुड्यासारखे तोंड लागते. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. नटांचे आटेही कुठे इंची, कुठे मिलिमीटरचे असतात. म्हणून जुनी नळी नटांसकट दुकानात न्यावी. हत्यार घेताना त्याची पकड पाहावी. स्वस्तातल्या हत्यारात नळी सरकते आणि मुरड एका बाजूला जाते.

माप सुतळीने घ्या, दोन्ही मुरडींसाठी बोटभर जास्त ठेवा, आणि आधी टाकाऊ तुकड्यांवर हात बसवा. आमचे पहिले सात तुकडे वाया गेले. आठवा इतका सुरेख झाला की आनंदाच्या भरात नट आत घालायचाच राहिला! मुरड घातल्यावर नट चढत नाही, हे आता घरातल्या सर्वांना पाठ आहे.

नळी आतून स्वच्छ करून बसवली, प्रत्येक क्लिप जागेवर लावली. डब्यावर लिहिलेल्या प्रकारचे नवे ब्रेक-तेल घातले. हे तेल हवेतले पाणी शोषते, म्हणून मागच्या वर्षीचा उघडा डबा वापरू नये; आणि इंजिनचे तेल तर कधीच नको, त्याने रबरी वॉशर फुगून बिघडतात. मग सौ. पेडलवर आणि आम्ही चाकाशी. "दाबा!" "दाबलं!" "धरून ठेवा!" असा संवाद तासभर चालला आणि नळीतली सगळी हवा निघाली.

मिस्त्री आले. त्यांनी सौ.ना पेडल जोरात दाबून धरायला सांगितले आणि प्रत्येक सांध्याला पांढरा कागद लावला. मागच्या सांध्यावर कागदाला मोहरीएवढा डाग पडला.

"जरा आवळू का?" आम्ही विचारले.

"साहेब, पाना फिरवून मुरड सुधरत नाही," ते म्हणाले. "उघडा."

उघडून पाहिले तो मुरड एका बाजूला पातळ होती. कटरने नळी कापताना आम्ही घाई केली होती. धनत्रयोदशीची संध्याकाळ होती, घरात दिवे लागत होते, आणि आम्ही पुन्हा गाडीखाली शिरलो. नवी नळी कापली, नट आधी घातला, मुरड घातली, पुन्हा हवा काढली. या वेळी चारही चाकांपाशी कागद कोरा राहिला. मिस्त्रींनी स्वतः आवारात, मग मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून पाहिली, तेव्हा कुठे मान हलवली.

नव्या गाड्यांत ए.बी.एस.ची गुंतागुंत असते. तिथे हा उद्योग घरी करू नये. जुन्या गाडीतही जाणत्याने तपासल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये. आपल्या मुरडीवर आपला विश्वास असला, तरी मागच्या आसनावर बसणाऱ्यांना त्याची शिक्षा कशाला?

भाऊबीजेला आम्ही घाट उतरलो. प्रत्येक वळणावर पेडल पायाखाली घट्ट लागत होते. आरशात पाहिले, तर आई धाकटीच्या खांद्यावर मान टेकून झोपली होती.