पूरबोटीचा हिशेब किलोत हवा

पुराच्या दिवसांत सांगलीतल्या कुणालाही आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारा, तो फुटांबरोबर इंचही सांगेल. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे शाळकरी पोरांनाही पाठ असते. नदी इतकी काटेकोर मोजणाऱ्या या मुलखात, त्याच नदीत उतरणाऱ्या रबरी बोटीबद्दल मात्र 'दहा माणसांची आहे' आणि 'अर्धी टाकी आहे' एवढ्यावर भागवले जाते. ही दोन्ही वाक्ये घातक आहेत. बोटीला माणसांची संख्या कळत नाही, तिला वजन कळते. टाकीत पेट्रोल किती, यापेक्षा ते परतीला पुरेल का, हा प्रश्न मोठा आहे आणि त्याचे उत्तर पुन्हा वजनावरच ठरते. म्हणून वजन आणि इंधन हा एकच हिशेब आहे, तो किलोत आणि लिटरमध्येच मांडला पाहिजे आणि तो पावसाळ्यापूर्वी, कोरड्या जमिनीवर झाला पाहिजे.

डोकी मोजून बोट भरल्याने काय होते, याचे पुरावे आपल्याकडे आहेत. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बाराहून अधिक जणांचा जीव गेला. त्यांत बायका होत्या, लहान मुले होती. ती बोट रबरी नव्हती, पण तिच्यात क्षमतेहून जास्त माणसे होती. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून विद्यार्थी आणि शिक्षक असे १४ जण बुडाले, तिथेही गर्दी हेच कारण पुढे आले. पण मला त्याहून महत्त्वाची वाटतात ती अमेरिकेतली दोन उदाहरणे, कारण तिथे परवान्यावरची संख्या ओलांडलेली नव्हती. मार्च २००४ मध्ये बाल्टिमोरच्या बंदरात 'लेडी डी' ही प्रवासी बोट उलटली. परवाना २५ जणांचा, आत बरोबर २५ जण, आणि पाच मेले. ऑक्टोबर २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जवर 'इथन ॲलन' उलटली. परवाना ४८ प्रवाशांचा, आत चालकासह ४८ जण, आणि २० मेले. दोन्ही परवाने देताना माणशी सरासरी वजन १४० पौंड, म्हणजे सुमारे ६४ किलो धरले होते आणि प्रत्यक्षातली माणसे त्याहून बरीच जड होती. 'इथन ॲलन'चा हिशेब अपघातानंतर नव्याने मांडला, तेव्हा तिच्यात फक्त १४ जणांना परवानगी हवी होती, असे निघाले. पुढे अमेरिकेच्या तटरक्षक दलाने सरासरी वजनाचा आकडा १८५ पौंड, म्हणजे ८४ किलो केला. संख्येचा नियम तंतोतंत पाळूनही बोट उलटू शकते, हे या दोन घटनांनी दाखवून दिले.

आता आपल्याकडची पूरबोट जवळून पाहू. समजा बोटीच्या पाटीवर लिहिले आहे: १० माणसे, इंजिनासह ९०० किलो. (काही पाट्यांवरचा आकडा इंजिनासह असतो, काहींवर इंजिनाशिवाय. पाटी वाचताना हे पहिल्यांदा पाहायचे.) २५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन साधारण ५० किलो. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आतबाहेर भरते, म्हणून २५ लिटरची भरलेली टाकी २२ किलो आणि २० लिटरचा जादा कॅन १७ किलो. बोटीवरचे तीन जवान, अंगावरच्या लाइफ जॅकेट आणि बुटांसह, प्रत्येकी ८५ धरले तर २५५ किलो. दोर, नांगर, वल्ही, पंप, प्रथमोपचाराची पेटी यांचे ४० किलो. एकाही पूरग्रस्ताला आत घेण्याआधी ३८४ किलो झाले आणि उरले ५१६. आता कोणी म्हणेल की अमेरिकेतल्या माणसांचे वजन आपल्या खेड्यातल्या माणसांना कशाला लावता? नका लावू. माणशी ६० किलोच धरा. पण घर सोडून निघालेला माणूस रिकाम्या हाताने येत नाही. भिजलेले कपडे, कागदपत्रांची पिशवी, भांडी, कडेवरचे पोर, हे सगळे मिळून किमान १० किलो होतात. ७० किलोने भागले तर सात जण बसतात. प्रत्यक्षात 'दहा माणसांची बोट' म्हणून दहा पूरग्रस्त घेतले जातात, जवान कुणी मोजत नाही, आणि बोट १,०८४ किलोवर जाते. पाटीपेक्षा १८४ किलो जास्त. त्यात एखाद्याने भरलेला गॅस सिलिंडर उचलून आणला तर आणखी ३० किलो.

या आकड्यांत न दिसणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे बोटीत शिरलेले पाणी. तीन मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद तळावर पाच सेंटिमीटर पाणी साचले, म्हणजे घोट्याच्याही खाली, तरी ते १३५ लिटर होते आणि लिटरला एक किलो या हिशेबाने १३५ किलो भरते. दोन धडधाकट माणसे नकळत बोटीत चढून बसली, असे समजा. शिवाय ही दोन माणसे एका जागी बसत नाहीत. बोट ज्या बाजूला कलेल त्या बाजूला धावतात आणि ती आणखी कलवतात.

रबरी बोट बुडतच नाही, मग एवढी चिंता कशाला, हा नेहमीचा आक्षेप आहे आणि त्यात अर्धे तथ्य आहे. अर्ध्या मीटर व्यासाच्या नळीचा एक मीटर तुकडा सुमारे १९६ किलो तरंगवतो. अशी नऊ-साडेनऊ मीटर नळी असलेली बोट पूर्ण दाबली तरी १,८०० किलोच्या आसपास वजन पेलेल. पण माणसे बोट तळाला गेल्याने मरत नाहीत, ती बोटीबाहेर फेकली गेल्याने मरतात. ओझ्याने मागची फळी पाण्याच्या बरोबरीला येते, एक लाट इंजिनावरून आत येते, बोट आडवी होते आणि प्रवाह तिला उलटवतो. उलटलेली बोट तरंगतच असते. हवेचा एक कप्पा फांदीने किंवा पत्र्याने फाटला तरी बाकीच्यांवर परत यायचे असते, म्हणूनच पाटीवरचा आकडा नळ्यांच्या एकूण ताकदीपेक्षा बराच कमी ठेवलेला असतो. ती राखीव ताकद आपण चढणाऱ्या गर्दीला वाटून टाकतो. त्यात हवेचाही एक फसवा भाग आहे. उन्हात तापलेल्या डांबरावर ४० अंशांत ०.२५ बार दाबाने फुगवलेली बोट २५ अंशांच्या पुराच्या पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि दाब ०.१९ च्या आसपास येतो. छिद्र एकही नाही, तरी जवळजवळ पाव दाब गेला. अशी मऊ बोट ओझ्याखाली मधोमध वाकते. पाण्यात उतरवल्यावर पंप पुन्हा लावणे म्हणूनच गरजेचे आहे.

अनुभवी नावाडी बोट किती दबली हे डोळ्यांनी ओळखतो, असेही म्हटले जाते. लाकडी होडीबाबत ते बरेचसे खरे आहे, नदीकाठच्या माणसांचे ते ज्ञान मला मोलाचे वाटते. पण रबरी बोटीची नळी गोल असते. अर्धी बुडेपर्यंत तिची पाण्यालगतची रुंदी वाढत जाते, म्हणजे प्रत्येक नव्या माणसाने ती आधीच्यापेक्षा कमी दबते आणि पाहणाऱ्याला वाटते, अजून जागा आहे. अर्ध्याच्या पुढे तीच रुंदी घटू लागते आणि शेवटची दोन माणसे बोटीला आधीच्या माणसांपेक्षा झपाट्याने खाली नेतात. होडीच्या फळीवर तयार झालेली नजर इथे नेमकी शेवटच्या क्षणी चुकते.

आणि आता इंधन. याची चर्चा आपल्याकडे जवळपास होतच नाही. समुद्रावर वावरणाऱ्यांचा एक साधा नियम आहे: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. शांत पाण्यात तो चांगलाच आहे. पण पुराच्या नदीत तो जसाच्या तसा लावला तर फसतो. समजा बोट ताशी १५ किलोमीटर पळते आणि प्रवाह ताशी ८ किलोमीटर आहे. पाच किलोमीटर खालच्या वाडीवर जायला १३ मिनिटे लागतात. इंजिन पूर्ण जोरात तासाला १० लिटर पिते असे धरले, तर जाताना सव्वादोन लिटरही जळत नाहीत. चालकाला वाटते, या टाकीत पाच-सहा फेऱ्या आरामात होतील. परतताना प्रवाह समोरून येतो, बोट ताशी सातच किलोमीटर पुढे सरकते, तेव्हा ४३ मिनिटे आणि सात लिटर लागतात. हे झाले रिकाम्या बोटीचे. भरलेली बोट पाण्यावर उचलली जात नाही, पाणी कापत, रेटत चालते. वेग १५ वरून १२ वर आला, तर प्रवाहाविरुद्ध उरतात ताशी चार किलोमीटर. मग त्याच पाच किलोमीटरला ७५ मिनिटे आणि साडेबारा लिटर लागतात. वेग फक्त तीन किलोमीटरने घटला, पण परतीचे पेट्रोल जवळपास पावणेदोन पट झाले आणि जाण्याच्या खर्चाच्या सहापटीजवळ गेले. पहिली फेरी संपताना टाकीत दहा लिटर उरतात आणि दुसऱ्या फेरीची परत येण्याची सोय संपलेली असते. प्रवाहात इंजिन बंद पडले की बोटीवर कुणाचाच ताबा राहत नाही. म्हणून जास्तीची माणसे घेणे हे फक्त उलटण्याचे संकट नाही, ते अर्ध्या वाटेत पेट्रोल संपण्याचेही संकट आहे.

यावर केला जाणारा उपाय त्याहून वाईट आहे: जादा कॅन काठावर ठेवायचा आणि त्या जागी एक माणूस घ्यायचा. कॅनचे वजन १७ किलो. सामानासह माणूस ७० किलो. कॅन उतरवून पाव माणसाची जागा होते आणि त्यासाठी दोन तासांचे इंधन सोडून दिले जाते. ही अदलाबदल कधीच परवडणारी नाही. टाकीवरच्या काट्यावरही विसंबू नये. तो तरंगत्या गोळ्यावर चालतो, हलत्या बोटीत खालीवर नाचतो, आणि टाकी कललेली असली की तळातले लिटर-दीड लिटर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतही नाही. काठावर एक साधा लटकता वजनकाटा ठेवावा. रिकामी टाकी साडेतीन किलोची असेल आणि काटा १४ किलो दाखवत असेल, तर आत साडेदहा किलो, म्हणजे १४ लिटर पेट्रोल आहे. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे. टू-स्ट्रोक इंजिनाला ५० लिटरमागे एक लिटर ऑइल लागते, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत अर्धा लिटर. घाईत ऑइलविना पेट्रोल ओतले तर इंजिन जाम होते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून मे महिन्यात भरून ठेवलेला कॅन ऑगस्टमध्ये तसाच वापरणे योग्य नाही.

सगळ्यांत गंभीर आक्षेप माणुसकीचा आहे. छपरावर बाया-बापड्या हात जोडून उभ्या असताना किलोचे गणित कोण करत बसेल आणि आठव्या माणसाला खाली उतर असे कोण म्हणेल? हा प्रश्न मी हलका मानत नाही. पण त्या क्षणी गणित करावे असे माझे म्हणणेच नाही. गणित मे महिन्यात करायचे आणि त्याचे उत्तर बोटीवर दोन्ही बाजूंना ठळक मराठीत रंगवायचे: 'एका फेरीला सात माणसे, जवान वेगळे.' मग नाही म्हणण्याचे ओझे त्या बिचाऱ्या जवानावर पडत नाही, ते रंगवलेल्या आकड्यावर पडते. चौदा जणांना दोन फेऱ्यांत आणता येते. चौदाही जणांना एकाच फेरीत घेतले तर त्यांच्याबरोबर तीन जवानही धोक्यात येतात. पाण्यातला धोका प्रशिक्षित माणसालाही सोडत नाही. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. तिथे ओझे हे कारण होते असे मी म्हणत नाही, नदीचे स्वतःचे धोके असतातच. जे धोके आपल्या हातात नाहीत ते एवढे असताना, जे हातात आहेत ते तरी आपण स्वतः वाढवू नयेत.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे, अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ चा. जिल्हा प्राधिकरणे आहेत, मान्सूनपूर्व बैठका होतात, त्यांत बोटींची यादीही वाचली जाते: बोटी किती, लाइफ जॅकेट किती. त्या यादीत प्रत्येक बोटीपुढे आणखी तीन रकाने हवेत. इंजिन, इंधन, जवान आणि सामान वजा जाता उरणारे किलो, त्यातून निघणारी फेरीची माणसे, आणि भरल्या बोटीने प्रवाहाविरुद्ध चालवून मोजलेले तासाचे पेट्रोल. शेवटचा आकडा कागदावर बसून मिळणार नाही. त्यासाठी वाळूची पोती भरून बोट एकदा नदीत चालवून पाहावी लागेल. यात कोट्यवधींचा खर्च नाही, एक दिवस आणि २५ लिटर पेट्रोल आहे.

तुमच्या गावात, तालुक्यात किंवा नगरपालिकेच्या गोदामात अशी बोट असेल, तर पाऊस सुरू होण्यापूर्वी जाऊन तिची पाटी वाचा. पाटी पुसली गेली असेल, तर ग्रामसभेत उठून नवी लावायची मागणी करा.